सावली माहेरी जाते तो दिवस

शाळेच्या पटांगणाच्या मध्यभागी पुरुषभर उंचीची एक लोखंडी कांब उभी आहे. झेंड्याचा खांब वेगळा आहे, तो कोपऱ्यात. नव्याने बदलून आलेल्या शिक्षकांना ही कांब कशाची, ते ठाऊक नसते. तरी ती उपटून टाकावी असे आजवर कोणाच्या मनात आले नाही. ती मी १९७३च्या मे महिन्यात ओळंबा धरून, पायाशी दगड-चुना ठोकून उभी केली. पुण्याच्या तंत्रनिकेतनातून यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी तेव्हा नोकरीची वाट पाहत होतो. लोक मला गहिनीनाथ या नावाऐवजी ‘विंजनेर’ म्हणत, आणि त्यात कौतुक किती व थट्टा किती हे मला कधी नक्की समजले नाही.

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. घोडेगावच्या अलीकडची सगळी वस्ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. शाळेला सुटी लागली की मुले दिवसभर उन्हात भटकणार, हे ओळखून आप्पासाहेबांनी शाळेतच उन्हाळी शिबिर उघडले. आप्पासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. अंगात खादी, खिशात साखळीचे घड्याळ. दोन वेळचे जेवण, सकाळी खेळ आणि कवायत, ऊन चढल्यावर व्हरांड्यात हस्तकाम आणि थोडे विज्ञान, असा त्यांचा आराखडा होता. विज्ञान आणि हस्तकाम माझ्याकडे होते. पाणी टँकरने येई. टँकरचा ड्रायव्हर छगन दिवसातून एकदा पिंपे भरायला यायचा आणि जेवून, दोन मुलांना भोवरा फिरवायला शिकवून मगच जायचा. त्यामुळे तोही शिबिराचाच माणूस झाला.

स्वयंपाक गोजरबाईंकडे होता. त्या शिंगणापूरच्या. पन्नाशीच्या, थोराड बांध्याच्या, शेतकरी घरातल्या. सरकारी मदतीतून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, पिठाची भाकरी थापताना तुटते, ही त्या काळी घरोघरची तक्रार होती. गोजरबाईंची भाकरी तुटत नसे. पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेऊन त्या मळत. त्यांच्या हाताखाली लंकाबाई नावाची त्यांच्याच गावची बाई होती.

आणि बाहेरच्या कामाला गीताबाई. झाडलोट, ताटे घासणे, लहान मुलांना आंघोळी घालणे, हे तिचे काम. वय पंचविशीच्या आत. सातवीपर्यंत शिकलेली. तिचे वडील भिंगारला कॅन्टोन्मेंटमध्ये कामाला होते. ते वारल्यावर क्वार्टर सोडावे लागले आणि माहेर म्हणावे असे घर उरले नाही. नवरा विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेला होता. सासरची माणसे काम शोधत मुंबईकडे पांगली होती. यशोधरा नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती शाळेच्या व्हरांड्यातच राहत असे. शिबिर हेच त्या दोघींचे घर होते.

गीताबाईचे घराणे सत्तावन्न साली बौद्ध झालेले. गोजरबाईंच्या लेखी त्याने काही बदलले नव्हते. गोजरबाई तोंडाने कधी वाईट बोलत नसत. यशोधरेच्या ताटात त्या भाकरीचा मोठा चतकोर वाढत. पण गीताबाईने पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही, आणि तिची सावली परातीवर पडायची नाही, हा नियम होता. तो कोणी घालून दिला नव्हता. सावली जवळ आली की गोजरबाई परात उचलून हातभर मागे सरत, जसे आपण कपड्यांवर पाणी उडू नये म्हणून सरतो, इतक्या सहज.

गीताबाईने त्यावर आपली एक चाल बसवली होती. स्वयंपाकाचा मांडव पटांगणातच होता. सकाळी ती त्याच्या पश्चिमेकडून जाई आणि ऊन कलल्यावर पूर्वेकडून. पहिले काही दिवस मला हे दिसलेच नाही. मग एकदा कांबेच्या सावलीच्या खुणा करता करता मी मान वर केली आणि लक्षात आले की तिची सावली दिवसाच्या कोणत्याही प्रहरी मांडवाच्या उलट बाजूलाच पडलेली असते. त्यासाठी तिला प्रत्येक खेपेला अर्ध्या पटांगणाचा वळसा पडत होता. डोक्यावर ताटांची चळत घेऊन ती तो वळसा चालत असे आणि चेहऱ्यावर काही दिसत नसे.

शिबिराचा दुसरा आठवडा सरताना लंकाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी गावी गेली. एवढ्या मुलांच्या भाकरी एकट्याने होणे शक्य नव्हते. आप्पासाहेबांनी गोजरबाईंना बोलावून गीताबाईला मळायला घ्या, असे सुचवले. गोजरबाईंनी आवाज चढवला नाही. पदर खांद्यावर ओढून त्या म्हणाल्या, “ती आत आली, का म्या बाहेर. मंग तुमी थापा भाकरी, आप्पासायेब.”

आप्पासाहेब थांबले. ते मनाने उदार होते, पण स्वयंपाकीण गेली तर शिबिर मोडते आणि मुले पुन्हा उन्हात जातात, हा हिशेब त्यांना सुटत नव्हता. त्यांनी शुक्रवारी सकाळी निर्णय सांगण्याचे ठरवले. तो काय असणार हे त्यांनी मला आधीच सांगून ठेवले: गोजरबाईंची एक भाची शिंगणापूरहून येण्यास तयार आहे. ती स्वयंपाकात मदत करील आणि बाहेरचेही पाहील. भाची आणि गीताबाई अशा दोघींना शिबिरात वाव नाही. गीताबाईला तलावाच्या कामावर नाव लावून देता येईल.

तलावावर सावलीला झाड नव्हते. गीताबाईला हे कळले होते, कसे ते ठाऊक नाही. तिने मला एकच विचारले, की ती खडी फोडायला गेली तर यशोधरा दिवसभर शिबिरात बसली तर चालेल का. मी आप्पासाहेबांना विचारतो म्हणालो. पण रात्री ती मुलगी कोठे झोपणार, हे तिनेही विचारले नाही आणि मीही नाही.

गुरुवार होता सतरा मे. त्या दिवसाची मी मुलांना आठवडाभर वाट पाहायला लावली होती. आपल्या भागात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. जुलैतल्या खेपेला ढग असतात, म्हणून मेमधली खेप महत्त्वाची. त्या क्षणी सरळ उभ्या वस्तूची सावली बाजूला कोठेच पडत नाही. मुले रोज कांबेची दुपारची सावली मोजत होती आणि ती रोज आखूड होत चालली होती. शेवटची बोटभर सावली गुरुवारी नाहीशी होईल, हे मी कोष्टकावरून काढले होते.

आप्पासाहेबांना ही कल्पना फार आवडली. त्यांनी तलावाच्या कामावर निरोप धाडला की बाराच्या ठोक्याला सर्वांनी शाळेत येऊन निसर्गाचा चमत्कार पाहावा. मी त्यांना समजावले की आपले घड्याळ पूर्वेकडच्या एका रेखावृत्तावर लावलेले आहे, सूर्य तेथून आपल्यापर्यंत पोहोचायला अर्ध्या तासाच्या आसपास घेतो, म्हणून आपले खरे मध्यान्ह साडेबाराच्या जरा अलीकडे होईल.

“मध्यान्ह म्हणजे बारा,” आप्पासाहेब म्हणाले. “मी चाळीस वर्षे बाराची घंटा दिली आहे. आता गावाला साडेबारा सांगितले, तर लोक विचारतील की इतकी वर्षे मास्तर झोपला होता काय.”

पुढे मी वाद घातला नाही. त्यांनी घंटा दिली तेव्हा पटांगण माणसांनी भरले होते. डोक्याला फडकी बांधलेली, पापण्यांवर दगडाचा पांढरा भुगा बसलेली माणसे कांबेभोवती कडे करून उभी राहिली. कांबेच्या पश्चिमेला वीतभर सावली होती, स्वच्छ आणि काळी.

सगळे तिच्याकडे पाहत राहिले. ती हलली नाही. म्हणजे हलत होती, पण उपाशी माणसाला दिसावी इतक्या वेगाने नाही. शेवटी छगन म्हणाला, “विंजनेर, तिचं जेवण व्हायचं आसंल. जेवल्याबिगर कोन जातंय?”

हशा झाला. मी आणखी थोडे थांबा म्हणत होतो, पण जेवणाची सुटी तेवढीच होती आणि उन्हात उभे राहण्याची ताकद कोणात नव्हती. लोक कुंपणाच्या भिंतीकडे, टँकरच्या आडोशाला गेले आणि फडकी सोडून बसले. मुले व्हरांड्यात पंगतीला बसली. आप्पासाहेब घड्याळाला किल्ली देत माझ्या शेजारून गेले आणि कोष्टक पुन्हा तपासा, असे हळूच म्हणाले. मी कांबेजवळ एकटा उरलो.

सावली बोटभर झाली. मग अर्ध्या बोटाएवढी. मी गुडघ्यांवर बसून तिच्या टोकावर नजर ठेवली होती. पंगतीचा गलबला होता, पण तो फार लांबून आल्यासारखा वाटू लागला. मग ते टोक कांबेच्या बुडात शिरले आणि उरले नाही. मी मान वर केली आणि तसाच बसून राहिलो.

सावली नसलेले जग कसे दिसते, हे मला कोष्टकाने सांगितले नव्हते. पटांगणातली कोणतीही वस्तू जमिनीला टेकलेली वाटत नव्हती. पिंपे, मांडवाचे खांब, उलटी घातलेली बादली, सगळे मातीच्या किंचित वर अधांतरी ठेवल्यासारखे. रेषा होत्या, पण वजन नव्हते. भिंतीला लागून एक पांढरी कोंबडी चालली होती, ती तरंगत चालल्यासारखी दिसली. मी शास्त्र शिकलेला माणूस, कारण मला पाठ होते, तरी अंगावर काटा उभा राहिला.

त्याच वेळी गोजरबाई मांडवातून बाहेर आल्या. आमटीचे भरलेले मोठे तपेले त्यांनी दोन्ही कानांना फडकी लावून उचलले होते. रोज लंकाबाई एक बाजू धरी. एकटीने ते व्हरांड्यापर्यंत नेणे जमेल असा त्यांचा अंदाज होता आणि तो चुकला. अर्ध्या पटांगणात तपेले एका बाजूला कलू लागले. खाली ठेवावे तर माती आणि कोंबड्या. मुलांची आमटी सांडली तर दुसरे पाणी नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मी उठून धावलो, पण माझ्याआधी गीताबाई निघाली होती. ती पलीकडे ताटे मांडत होती.

ती धावत आली आणि काही पावलांवर एकदम थबकली. सवयीने तिने खाली पाहिले. कोणत्या बाजूने जावे म्हणजे सावली पलीकडे पडेल, हे पाहण्यासाठी. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, मागे वळून पाहिले. सावली कोठेच नव्हती. दोन पावलांखाली गोळा झालेला एवढासा काळा डाग, लुगड्याच्या ओच्याबाहेरही न येणारा. ती तशीच उभी राहिली. वळसा घालायला तिला बाजूच उरली नव्हती.

गोजरबाईही तिच्या पायांकडेच पाहत होत्या. तपेले त्यांच्या हातात होते.

“गीते,” त्या म्हणाल्या, “तुजी सावली कुटं गेली?”

“तुमची बी न्हाई, बाई.”

गोजरबाईंनी वाकून आपल्या पायांकडे पाहिले. मग माझ्याकडे, मग कांबेकडे. त्यांचा चेहरा देवळाच्या गाभाऱ्यात उभ्या असलेल्या माणसासारखा झाला होता. शिंगणापूरच्या बाईला शनिदेवाची आई कोण, हे कोणी सांगावे लागत नाही.

“छायाबाई शनिदेवाची आई,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “लेकरापायी उन्हात बारा म्हैने उभी. ती माहेरी गेली म्हनायची आज.” आणि मग, जरा दमलेल्या आवाजात, “उभी काय ऱ्हायलीस? धर की कान. हात भाजला माजा.”

गीताबाईने पदराचे टोक हाताला गुंडाळले आणि तपेल्याचा एक कान धरला. दोघी व्हरांड्याकडे चालू लागल्या. त्यांच्या मध्ये तपेले होते आणि दोघींच्या बाजूला काहीही पडत नव्हते. मी त्यांच्यामागून रिकाम्या हाताने चालत गेलो. टँकरच्या आडोशाला बसलेल्या कोणीतरी कांबेकडे बोट दाखवले आणि घास हातात धरून एकेक माणूस उठून उभा राहू लागला. छगनही.

दुपार कलली तशा सावल्या पुन्हा फुटल्या, यावेळी पूर्वेकडे. संध्याकाळी गीताबाई नेहमीप्रमाणे वळसा घालून गेली. मला वाटले, झाले ते तेवढ्यापुरते. आप्पासाहेबांनी भाचीला निरोप पाठवण्यासाठी छगनला सकाळी लवकर यायला सांगितले.

शुक्रवारी सकाळी टँकर आला तेव्हा मी पिंपांपाशी होतो. आप्पासाहेब घड्याळ पाहत व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. न्याहारीच्या घंटेआधी सांगून टाकावे, असे त्यांच्या मनात असावे. गीताबाईने आपले गाठोडे बांधून भिंतीशी ठेवलेले मला दिसत होते. गोजरबाई परात पुढ्यात घेऊन उकडलेल्या पिठाशी एकट्याच झगडत होत्या. गीताबाई ताटे घेऊन निघाली. सकाळ होती, म्हणून पश्चिमेकडून.

“अगं ए,” गोजरबाई मान वर न करता म्हणाल्या, “तिकडून कुटं आडवाटंनं चाललीस? हिकडून ये.”

गीताबाई थांबली. पूर्वेकडून यायचे म्हणजे काय होईल, ते तिला ठाऊक होते. गोजरबाईंनाही ठाऊक होते. नुकता वर आलेला सूर्य, आणि माणसाच्या तिप्पट लांब सावल्या.

“बाई, आज सावली हाय,” ती म्हणाली.

“आली व्हय माहेराहून?”

“आली.”

गोजरबाईंनी पिठाचे हात परातीच्या काठावर ठेवले. छगनने पाण्याची तोटी बंद केली होती.

“मंग तिला बी घे आत,” त्या म्हणाल्या. “पीठ निवायला लागलंय.”

गीताबाई पूर्वेकडून आली. तिच्याआधी तिची सावली आली, परातीच्या काठावरून, लाल पिठावरून, गोजरबाईंच्या कोपरापर्यंत. गोजरबाईंचे हात एकदा आखडले, मी ते पाहिले. परात जागेवरून हलली नाही. मग त्या थोड्या बाजूला सरकल्या, पण मागे नाही. शेजारी बसायला जागा करण्यासाठी.

आप्पासाहेबांनी घड्याळ खिशात टाकले आणि घंटेकडे गेले. छगनने आता निरोपाचे काय, असे विचारले. कसला निरोप, असे त्यांनी त्यालाच विचारले. त्या दिवशी न्याहारीची घंटा त्यांनी वेळेनंतर दिली. आम्ही ते दाखवून दिले नाही.

शिबिर पुढे अनेक उन्हाळे चालले. गीताबाई त्यात आता पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात होती. पुढे ती अंगणवाडीची सेविका झाली. यशोधरा नगरला नर्सिंग शिकली. मला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि मी राहात्याकडे गेलो, पण मे महिन्यातली रजा मी कधी दुसऱ्या कामाला दिली नाही. शिबिरे बंद पडली तरी आमचे जमणे बंद पडले नाही. छगनच्या मुलीच्या लग्नात मांडवाची जबाबदारी माझी होती आणि माझ्या आईच्या आजारपणात यशोधरेने तीन आठवडे आमच्या घरी काढले. हे सगळे त्या एका उन्हाळ्यातून निघाले, असे म्हटले की लोकांना अतिशयोक्ती वाटते.

पण सांगायचे ते गोजरबाईंचे. पुढच्या वर्षापासून त्यांनी सतरा मेच्या आदल्या दिवशी गीताबाईला शिंगणापूरला मुक्कामाला बोलावणे सुरू केले. शिंगणापुरातल्या घरांना कवाड नसते. गोजरबाईंच्याही नव्हते. तरी पहिल्या वर्षी गीताबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली होती. गोजरबाईंच्या घरात त्यावरून बोलाचाली झाली. थोरल्या मुलाने त्या दिवशी घरी जेवण केले नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी तो जेवला. दरवर्षी गोजरबाई तिला चोळी-बांगडी करीत आणि विचारणाऱ्याला सांगत की सावली माहेरी जाती त्या दिशी, तशी ही बी येती. गीताबाई त्यांना शेवटपर्यंत ‘बाई’च म्हणे. त्या शब्दाचा आवाज मात्र बदलला होता.

अखेरच्या वर्षी गोजरबाईंना डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. छगनच्या जीपमधून आम्ही त्यांना शाळेत आणले आणि कांबेजवळ खुर्चीत बसवले. थोड्या थोड्या वेळाने त्या विचारीत, “गेली का गं?” आणि गीताबाई सांगे, “न्हाई अजून.” शेवटी गीताबाईने त्यांचा हात धरून कांबेच्या बुडाशी लावला आणि म्हणाली, “आत्ता गेली, बाई.” गोजरबाईंनी तिथली तापलेली माती तळव्याने चाचपली, चहूबाजूंनी, एखादी वस्तू पडली आहे का पाहावे तशी. मग तो मातीचा हात त्यांनी गीताबाईच्या हातातच राहू दिला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्या गेल्या. शिंगणापूरहून निरोप घेऊन थोरला मुलगा स्वतः आला होता, माझ्याकडे नव्हे, आधी गीताबाईकडे. दारात उभा राहून त्याने आक्का अशी हाक मारली आणि माहेरी चल म्हणाला.

आप्पासाहेबही आता नाहीत. त्यांच्या मागे आम्ही एक प्रथा पाळतो. सतरा मेला बाराची घंटा छगन देतो, बरोबर बाराला, आणि सावली वीतभर तशीच असते. मग आम्ही व्हरांड्यात बसून थांबतो. गोजरबाईंच्या सुना भाकरी बांधून आणतात. यशोधरेची मुले दरवर्षी विचारतात की आजोबा, घंटा चुकीच्या वेळी का देता. मी त्यांना रेखावृत्ते समजावून सांगतो. ते मन लावून ऐकतात.

साडेबाराच्या जरा अलीकडे गीताबाई उठते, आमटीच्या तपेल्याचा एक कान धरते आणि दुसऱ्या कानासाठी गोजरबाईंच्या थोरल्या सुनेकडे पाहते. दोघी उन्हात उतरतात. मी कांबेपाशी उभा असतो. इतकी वर्षे झाली, कारण मला पाठ आहे, आणि तरी त्या क्षणी माझ्या अंगावर काटा येतो.